धूर काळा की निळा?

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास शहरातल्या निम्म्या क्युबिकल्समध्ये एकच विचार चालू असतो. 'बास झालं आता! नोकरी सोडायची आणि गावी जाऊन मस्तपैकी शेती करायची.' लगेच डोळ्यांसमोर पिक्चर सुरू. हिरवंगार शेत, आंब्याखाली टाकलेली बाज, चुलीवरची भाकरी, ठेचा. बॉस नाही, डेडलाइन नाही, अप्रेझलचं टेन्शन नाही. मंगळवारच्या लंच अवरपर्यंत हा पिक्चर थिएटरातून उतरतो आणि पुढच्या सोमवारी पुन्हा हाऊसफुल्ल!

या पिक्चरात एक गोष्ट कधीच दिसत नाही. ती म्हणजे ग्रीस. नखांत बसलेलं, दोनदा साबण लावूनही न निघणारं काळंकुट्ट ग्रीस. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावरून फिरणारा माणूसही त्यात नसतो. पेरणी आणि काढणी हे शेतावरचे दोन मोठे सीन. मधले सगळे महिने चालतो तो मेंटेनन्स. काहीतरी बंद पडलेलं असतं, काहीतरी गळत असतं आणि काहीतरी कुणीतरी खात असतं!

आज गप्पा या न दिसणाऱ्या कामाबद्दल. तुमचं गाव असेल, सातबाऱ्यावर नाव असेल, तर हे तुमच्या कामाचं आहे. आणि गावच नसेल तरी वाचा. ऑफिसात उपयोगी पडेल, प्रॉमिस!

एअर धरली!

माझ्या मामाचं शेत जुन्नर तालुक्यात. पुण्याहून नाशिक हायवेला लागलं की नव्वदएक किलोमीटर. ऊस, कांदा, टोमॅटो, थोडा भुईमूग. आणि दारात उभा 1984 सालचा 35 एचपीचा ट्रॅक्टर. तो कुठल्या कंपनीचा, ते विचारू नका. त्याला इतक्या वेळा रंग दिलाय की आता तो फक्त 'मामाचा ट्रॅक्टर' या कंपनीचा उरलाय.

असे ट्रॅक्टर रुसतात कसे, ते ऐका. स्टार्टर मारला की इंजिन धडधडतं, दोन मिनिटं चालतं आणि आचके देत बंद पडतं. तुमच्या-माझ्यासारखा माणूस लगेच म्हणेल, 'बॅटरी गेली असेल.' मामा नुसता डिझेलच्या फिल्टरकडे बघतो आणि म्हणतो, "एअर धरली."

म्हणजे काय? डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी जोरात दाबली जाते की ती भयंकर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. हा फवारा मारायला डिझेल पंपाला प्रचंड प्रेशर लागतं. आता डिझेल दाबलं जात नाही, पण हवा दाबली जाते. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा शिरला की पंप बिचारा त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो, नोझलपर्यंत काही पोचत नाही. इंजिन उपाशी!

इलाज सोपा आहे, पण क्रमानं करायचा. आधी टाकीत डिझेल आहे ना, ते बघायचं (हसू नका, पुष्कळ वेळा तिथेच उत्तर सापडतं). मग फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करायचा आणि फीड पंपाची छोटी दांडी हातानं पंप करत राहायची. सुरुवातीला सोड्याच्या बाटलीसारखा फेस येतो. फेस थांबून डिझेलची अखंड धार लागली की स्क्रू आवळायचा. मग तीच कसरत मोठ्या पंपाच्या स्क्रूवर. दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्यानंतर खरं काम सुरू होतं, ते म्हणजे हवा आत शिरली कुठून, ते शोधायचं. पाइपचा नट ढिला झालाय, वॉशर चपटा झालाय की रबरी पाइपला चीर गेलीय? हे शोधलं नाही तर उद्या सकाळी पुन्हा तेच.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपमधून डिझेल गळतंय का, हे बोट लावून बघायचं नाही. तो फवारा कातडी भेदून आत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण थेट हॉस्पिटल गाठावं लागतं.

धुराची भाषा

हायवेलगत एका चिंचेखाली मामाच्या मिस्त्रींचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार खांब, पत्रा, एक चेनपुली आणि खोबरेल तेलाच्या डब्यात भिजत घातलेले नट-बोल्ट. मिस्त्रींचं वय साठीच्या पुढं. हातात लॅपटॉप नाही, स्कॅनर नाही. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर असतो. त्याचं टोक इंजिनावर ठेवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. अगदी डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं! कुठला व्हॉल्व्ह वाजतोय, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, ते अशानं कळतं.

पण ऐकण्याच्या आधी ते बघतात धुराकडे. धुराची भाषा एकदम सोपी आहे, लिहून घ्या.

काळा धूर : डिझेल जास्त, हवा कमी. एअर क्लीनर धुळीनं तुंबलाय, नोझल नीट फवारत नाहीये किंवा ट्रॅक्टरला झेपत नाही एवढं काम त्याच्यावर टाकलंय. (ऑफिसात असा काळा धूर कोणाकोणाच्या डोक्यातून निघतो, ते तुम्हीच ठरवा!)

निळा धूर : इंजिन ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील किंवा ऑइलच गरजेपेक्षा जास्त भरलं असेल. रिंगा गेल्या असतील तर खर्चाची तयारी ठेवा.

पांढरा धूर : थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर काळजी नको. कायम येत राहिला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत गेलं तर हेड गॅस्केटवर संशय. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. ट्रॅक्टर तिथेच बंद करायचा.

मिस्त्रींचा सगळा फंडा चार शब्दांत मावतो. "आधी कारण, मग पाना." कोणी घाईत पाना उचलला की ते चिडतात. त्यांच्या मते निम्मी इंजिनं झिजून खराब होतात आणि उरलेली निम्मी उगाच खोलून. जुन्या ट्रॅक्टरांत धूळ गाळायला ऑइल बाथ एअर क्लीनर असतो. खाली वाटीत ऑइल, हवा त्याच्यावरून जाते, धूळ ऑइलमध्ये अडकते. नांगरटीच्या दिवसांत या वाटीत आठवड्याभरात चिखल साठतो. तो काढून ताजं ऑइल भरायला किती वेळ लागतो? चहा गार व्हायच्या आत होतं. आणि ते न केल्यामुळे काळा धूर येतो म्हणून कोणी पंप खोलून बसला तर दोन दिवस आणि काही हजार रुपये गेले!

किलोमीटर नाही, तास

तुमची बाइक किती किलोमीटर झाली, हे तुम्ही सांगता. ट्रॅक्टरचं वय तासांत मोजतात. मीटरवर इंजिन किती तास चाललं ते दिसतं आणि साधारण 250 तासांनी ऑइल बदलायचं, असा पुष्कळ मॉडेल्सचा हिशेब असतो. बरोबरच आहे. एका जागी उभं राहून मळणी करताना किलोमीटर शून्य, पण इंजिन दिवसभर राबतंय.

आणखी एक गंमत. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरमध्ये पुष्कळदा पाणी भरलेलं असतं. हो, पाणी! नांगर ओढताना चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून वजन लागतं आणि पाण्याइतकं स्वस्त वजन दुसरं कुठलं?

आता तुम्ही म्हणाल, एवढी कटकट कशाला? नवा घ्यायचा! मामाच्या घरी हा विषय गेली तीन वर्षं जेवणाच्या ताटावर आहे. माझ्या मामेभावाला, म्हणजे आमच्या दादाला, नवा हवाय. पॉवर स्टिअरिंग, ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक, बसायला चांगली सीट. त्याचं चुकतंय असं म्हणता येणार नाही. सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झालाय, तेव्हापासून तर तो रोज कोटेशन काढतो. मामाचं म्हणणं वेगळं. "हप्ता दर सहा महिन्याला येतो, टोमॅटोचा भाव काय सांगून येत नाही." टोमॅटोचा क्रेट ज्या वर्षी मातीमोल जातो, त्या वर्षी हप्ता भरायचा कशातून? जुना ट्रॅक्टर बंद पडला तर दोन दिवस जातात. हप्ता थकला तर झोप जाते.

जुन्या मशीनचाही एक धोका आहेच. एचएमटी आठवते? तीच, आपल्या आजोबांच्या मनगटावरची. या सरकारी कंपनीनं झेटॉर या चेकोस्लोव्हाकियातल्या कंपनीच्या सहकार्यानं 1971 पासून हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टरही बनवले. पुढे 2016 मध्ये केंद्र सरकारनं हा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. कंपनीचं कुलूप लागलं, ट्रॅक्टर मात्र शेतातच. मग पार्ट आणायचे कुठून? तर भंगारातल्या दुसऱ्या ट्रॅक्टरमधून, लेथवर घडवून आणि मिस्त्रींच्या डब्यातून. म्हणजे जुन्या ट्रॅक्टरचं आयुष्य कंपनीपेक्षा जास्त मिस्त्रींच्या हातात असतं. आणि चिंचेखालच्या त्या गॅरेजात सध्या एकही शिकाऊ पोरगा नाही. मामाला खरी चिंता रिंगांची नाही, याची आहे.

साउथ पोलला गेलेला ट्रॅक्टर

ट्रॅक्टरला मागे नांगर कसा जोडतात, कधी नीट बघितलंय? खाली दोन दांड्या, वर एक, असा त्रिकोण. 'थ्री पॉइंट लिंकेज'. आज जगभर हीच पद्धत चालते आणि ती रुजवली हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं. त्याच्या आधी नांगर साखळीनं किंवा कड्यानं मागे ओढला जायचा. नांगर दगडात अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि अख्खं धूड उलटून ड्रायव्हरच्या अंगावर! फर्ग्युसननं नांगर आणि ट्रॅक्टर एकजीव केले, हायड्रॉलिक लिफ्ट दिली. जमीन कठीण लागली की नांगर आपोआप जरासा वर येतो, पुन्हा मऊ लागली की खाली जातो.

त्याचा छोटा राखाडी टीई-20 ट्रॅक्टर 1946 मध्ये आला आणि दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त बनले. एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 ला दक्षिण ध्रुवावर पोचला, तो याच ट्रॅक्टरांना पट्टे चढवून! म्हणजे बर्फाच्या वाळवंटात जे मशीन चाललं, त्याचेच चुलतभाऊ आपल्याकडे कांद्याचे वाफे करतायत. कूल ना?

पण कौतुकाबरोबर भीतीही हवी. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा असतो, पीटीओ. रोटाव्हेटर, मळणी यंत्र, फवारणीचा पंप, सगळं त्याच्यावर चालतं. त्याची ठरलेली गती मिनिटाला 540 फेरे. भागाकार करा. सेकंदाला 9! ओढणीचं टोक, शर्टची बाही, गळ्यातला टॉवेल, काहीही त्यात अडकलं की 'अरे' म्हणायच्या आत सेकंद संपलेला असतो. नवीन ट्रॅक्टरला या दांड्यावर प्लॅस्टिकचं कव्हर येतं. जुन्यांवरचं कव्हर कुठल्यातरी दुरुस्तीत निघालेलं असतं आणि पुन्हा बसवलेलं नसतं. कव्हर काही शे-हजारात मिळतं. पुढच्या वेळी गावी जाताना मिठाईचा बॉक्स नेता ना, त्याच्याबरोबर हे न्या.

बिनबोलावलेले पाहुणे

ट्रॅक्टर निदान आपल्या वेळेत तरी बिघडतो. शेतातले पाहुणे येतात ते रात्री.

सगळ्यात छोटा पाहुणा उंदीर. तो ऊस कुरतडतो, भुईमुगाच्या शेंगा बिळात नेतो आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरची वायरिंगही खातो. घाईचा उपाय म्हणजे विषाच्या गोळ्या. पण त्या गोळ्या खाऊन अर्धमेला झालेला उंदीर घुबड खातं, धामण खाते, आणि उंदरांची फुकटात राखण करणारे आपलेच दोन कामगार मरतात. धामण बिनविषारी. पण ती दिसली की आधी काठी, मग विचार, अशी आपली पद्धत. गव्हाणी घुबड तर अपशकुनी म्हणून बदनाम. मामानं शेतात इंग्रजी 'टी' आकाराचे बांबू उभे केलेत, पक्ष्यांना बसायला. दिवसा त्यांवर कोतवाल बसतो आणि अळ्या टिपतो, रात्री पिंगळा नाहीतर घुबड. खर्च? दोन बांबू आणि चार खिळे.

दुसरा पाहुणा हलत नाही, पण हटतही नाही. गाजरगवत उर्फ काँग्रेस गवत. पुणेकरांनो, मान खाली घाला. हे मूळचं अमेरिका खंडातलं तण भारतात ठळकपणे नोंदलं गेलं ते 1950 च्या दशकात, आपल्या पुण्यात! आता ते देशभर आहे. एकेका झाडाला हजारो बिया. अंगाला लागलं तर खाज, नाकात परागकण गेले तर दमा. त्याच्यावर तुटून पडणारा मेक्सिकन भुंगा भारतात 1984 मध्ये सोडला गेला. पावसाळ्यात पानांची चाळण झालेली दिसली की समजा, साहेब कामावर आहेत. बाकी आपण काय करायचं? फुलं यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं. फुलं आल्यावर उपटणं म्हणजे बिया वाटत फिरणं.

तिसरा पाहुणा वजनदार. रानडुक्कर. एका रात्रीत भुईमुगाचा अर्धा एकर नांगरून ठेवतात, ट्रॅक्टरची गरजच नाही! त्यांना घालवायला लोक काय काय करतात! बांधाभोवती जुन्या रंगीबेरंगी साड्या बांधतात. सलूनमधून केस आणून टाकतात. भोंग्यावर कुत्र्याचं भुंकणं लावून ठेवतात. पहिले चार दिवस सगळं चालतं. पाचव्या दिवशी डुकरांना कळतं की हे कुत्रं फक्त भुंकतं.

तारेला माणूस कळत नाही

आणि मग एखाद्या रात्री वैतागलेला माणूस सगळ्यात वाईट आयडिया काढतो. मोटारीच्या लाइनवरून थेट करंट घ्यायचा आणि बांधावरच्या तारेत सोडायचा.

दोन वर्षांपूर्वी दादा याच मूडमध्ये होता. सलग तीन रात्री भुईमूग गेला होता. जेवताना तो म्हणाला, "आज तार टाकतो. एक मेलं की बाकीची येणार न्हाईत." मामानं घास खाली ठेवला. म्हणाला, "तारेला डुक्कर आन् माणूस वेगळं कळत न्हाई. पहाटं कोण परसाकडं जातं, कोण पाणी धरायला येतं, तुला काय ठावं?" मामी काही बोलली नाही. ती उठून गेली आणि वायरचं भेंडोळं आतल्या खोलीत कुलपात ठेवून आली. विषय संपला!

पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, 'कुंपणाच्या करंटनं शेतकऱ्याचा मृत्यू'. कधी शेजारचा माणूस, कधी घरचाच. विदर्भात अशा तारांवर वाघसुद्धा मेलेत. कायद्यानं हे वीजचोरीपासून सदोष मनुष्यवधापर्यंत कुठेही जाऊ शकतं. पण कायदा दूरच राहू द्या. ज्याच्या शेतात माणूस गेला, तो पुन्हा त्याच बांधावरून कसा चालणार?

त्याऐवजी काय? सोलरवर चालणारं झटका मशीन. फरक समजून घ्या, कारण गावात दोन्हीला 'करंटची तार'च म्हणतात. घरातली वीज सलग वाहते, स्नायू आखडतात, तार हातातून सुटत नाही. झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्या अगदी छोट्या तुकड्यापुरता झटका सोडतं. व्होल्टेज मोठं, पण ऊर्जा फार थोडी. प्राणी दचकतो आणि पळतो, मरत नाही. अट एकच, की मशीन प्रमाणित हवं आणि अर्थिंग चोख हवं. घरगुती जुगाडाला इथे जागा नाही.

मामाकडे हे मशीन बसलं. डुकरं थांबली? बऱ्यापैकी. पण पहिल्या पावसानंतर झटका एकदम लुळा पडला. दादा मशीनवाल्याला शिव्या घालत निघाला होता. मामानं त्याला थांबवलं आणि कुंपणाच्या कडेनं एक फेरी मारायला लावली. तार ठिकठिकाणी ओल्या गाजरगवताला टेकली होती आणि सगळा करंट गवतातून जमिनीत चालला होता! गवत काढलं, मशीन ठणठणीत. आधी कारण, मग पाना.

रात्रपाळी

जुन्नरमध्ये आणखी एक शेजारी राहतो आणि त्याला 'पाहुणा' म्हणण्याची हिंमत होत नाही. बिबट्या. ऊस त्याच्यासाठी जंगलच आहे. लपायला जागा, प्यायला पाणी, खायला कुत्री आणि शेळ्या. मादी पिल्लंही उसातच देते. ऊसतोडीच्या वेळी पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती पुन्हा आईपर्यंत पोचवायचा प्रयत्न करतात. माणिकडोहला तर बिबट्यांसाठी वेगळं निवारा केंद्रच आहे.

याचा सोपा उपाय कोणालाही सुचतो. पकडा आणि लांब सोडून द्या. या शतकाच्या सुरुवातीला तसंच करून बघितलं गेलं. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरमधल्या या प्रयोगाचा अभ्यास करून 2011 मध्ये प्रसिद्ध केला. बिबटे उचलून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले होते, असं त्यात दिसलं. अनोळखी मुलखात सोडलेलं, भेदरलेलं जनावर जास्त धोकादायक ठरतं. बिघडलेला पार्ट काढून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लावावा, तसला प्रकार!

पण हे पुण्यात बसून बोलणं सोपं आहे, याचंही भान हवं. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. त्यानंतर गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या लोकांचे फोटो तुमच्याही मोबाइलवर आले असतील. अनेकांनी ते फॉरवर्ड केले, खाली हसऱ्या इमोजी टाकून. ज्यांना रात्री उसाला पाणी द्यायला जावं लागतं, त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पण रात्रीच का जायचं? कारण मोटारीला लागणारी थ्री फेज वीज पुष्कळ ठिकाणी काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. शेतावरची रात्रपाळी शेतकरी निवडत नाही, विजेचं टाइमटेबल निवडतं. म्हणून तर दिवसा वीज द्या, ही या भागातली सगळ्यात कळकळीची मागणी आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूही हाच, सूर्यावर वीज बनवायची आणि दिवसाच द्यायची. जिथे ती पोचली, तिथे बिबट्या गेलेला नाही. पण त्याच्या जेवायच्या वेळेला माणूस उसात नसतो. ज्या उपायानं जनावराला हात न लावता माणूस वाचतो, तो मला तरी सगळ्यात हुशार वाटतो.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा

आपल्यापैकी खूप जणांचं नाव कुठल्यातरी सातबाऱ्यावर आहे. पिकाचा वाटा येतो, हुर्डा येतो, आंब्याची पेटी येते. ग्रीस आणि रात्रपाळी मात्र काकाच्या, मामाच्या नाहीतर गावी राहिलेल्या भावाच्या वाट्याला. दिवाळीत सगळे जमले की आपण शहरातून आलेले शहाणे पटकन सल्ला देतो. 'तो खटारा विकून टाका.' 'कशाला जमीन ठेवायची, प्लॉटिंग करा.' 'डुकरांना तार लावा ना!' हे सगळं म्हणजे कारण न बघता पाना उचलणं झालं.

त्यापेक्षा या खेपेला एवढं करून बघा.

1. पीटीओ दांड्यावर कव्हर आहे का, बघा. नसेल तर माप घ्या आणि शहरातून पाठवा.

2. बांधावरची तार कशाला जोडलीय, ते विचारा. उत्तर देताना कोणी अडखळलं तर विषय सोडू नका, भांडण झालं तरी चालेल. झटका मशीनचे पैसे तुम्ही द्या. एका वीकेंड ट्रिपमध्ये बसेल एवढाच खर्च असतो.

3. रात्री पाणी द्यायला कोण जातं आणि एकटं जातं का, ते विचारा. चांगली हेडलाइट, उंच बूट आणि सोबतीला दुसरा माणूस, याची सोय होते का बघा. बूट सापांसाठीही लागतात.

4. जुन्या पार्टचा फोटो आणि नंबर मागून घ्या. ऑनलाइन शोधाशोध तुमच्याइतकी त्यांना जमेलच असं नाही. तासाभराच्या तुमच्या सर्फिंगनं त्यांचे दोन दिवस वाचू शकतात.

5. एक सकाळ मिस्त्रींच्या गॅरेजात घालवा. मोबाइल खिशात ठेवा आणि त्यांचा हात बघा. जमलं तर व्हिडिओ काढा, त्यांची परवानगी घेऊन. ते जे जाणतात, ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

आणि ट्रॅक्टर ठेवायचा की विकायचा, जमीन राखायची की द्यायची, हा प्रश्न घरात निघालाच, तर मत द्यायच्या आधी बाहेर या. ट्रॅक्टर चालू करायला सांगा. मागे उभे राहू नका, बाजूला थांबा आणि धुराकडे बघा. काळा असेल तर एअर क्लीनरची वाटी धुवायला आधी तुम्ही बाह्या सरसावा. निळा असेल तर रिंगांचा खर्च कितीला पडेल आणि त्यात आपला हिस्सा किती, ते विचारा. त्यानंतर तुम्ही जे बोलाल, ते घरातले ऐकतील. नखांत ग्रीस असलेल्या माणसाचं मत गावात जरा जास्त मोजलं जातं!